सातवा बांध

शांतवनची मोटारसायकल बांध ओलांडून सरळ कांद्याच्या वाफ्यात घुसली, तशा रांगेतल्या बाया उठून उभ्याच राहिल्या.

"अहो, कांदा चेंगरायलाय!" सुवार्ता ओरडली.

"चेंगरू दे!" शांतवननं गाडी बंद न करताच एक पाय जमिनीला टेकला. वाळूजच्या कारखान्यातला निळा शर्ट अजून अंगात होता. रात्रपाळी सुटल्यावर तो तोंडही न धुता इतक्या लांब आला होता आणि डोळे लाललाल झाले होते. "ग्रामसेवकाचा फोन आला. मंगळवारी साहेब यायलेत. मोजणीला. आपलं रान मोजायला!"

सुवार्ताच्या मुठीत उपटलेल्या कांद्यांची पात होती. ती तशीच धरून तिनं मनाशी दिवस मोजले. आज शुक्रवार. मधे तीन दिवस. तिनं कांदे खाली टाकले, विळा कमरेला खोचला आणि नवऱ्याच्या मागं गाडीवर बसायला पाय उचलला.

"कुठं निघालीस?" तात्यासाहेब पंप बंद करून येत होते. रान त्यांचं, कांदा त्यांचा, आणि वस्तीवरच्या निम्म्या बायांचं वर्षाचं काम त्यांच्याकडंच.

"तात्या, घरचं काम निघालं. चार दिवस द्या. मग रात्रंदिवस काढून देते."

"आन् वर आभाळ आलंय ते?" तात्यांनी मान वर केली. डोंगरामागं एप्रिलातले खोटे ढग जमत होते. "आज गेलीस तर परत या वाफ्यात पाय ठेवायचा नाय."

सुवार्तानं शांतवनचा खांदा धरला.

"आन् काय मोजणार गं तुम्ही? वरचं खडकाळ घ्या खुशाल. खालचा सपाट तुकडा गायरान हाय. माझी जनावरं चरतात तिथं. तुझ्या फौजी सासऱ्यानं तिथं कधी औत घातलं नाय. साहेबाच्या तोंडावर सांगणार मी." मग जाता जाता म्हणाले, "ओटा झटक. कांदा घरी नेऊ नको."

आठ बाया बघत होत्या. सुवार्तानं पदर सोडला आणि झटकला. माती आणि वाळकी पात खाली पडली, दुसरं काही नाही. तिचे कान तापले. पण गाडी डांबरी रस्त्याला लागली आणि वारं तोंडावर आलं, तशी ती नवऱ्याच्या खांद्यावर मूठ आपटून म्हणाली, "अहो, जोरात घ्या की!"

कन्नडच्या डोंगरात जांभुळखोरं नावाची वीस-बावीस घरांची भिल्लांची वस्ती. त्यातलं शेवटचं घर शांतवनच्या बापाचं, मुंजाबा बर्डे यांचं. म्हातारा गेल्या भादव्यात वारला होता. चर्च सांभाळायचा म्हणून लोक त्याला डीकनबाबा म्हणायचे, कुणी फौजी म्हणायचे. तो दोन्ही होता. वयाच्या विसाव्या वर्षी तो पलटणीत गेला, रस्ते आणि पूल बांधणाऱ्या पलटणीत. पंधरा वर्षं त्यानं बंदुकीपेक्षा पहार जास्त हाताळली. बर्फात डाव्या पायाची दोन बोटं गेली. परत आला तेव्हा छातीवर लावायची तीन मेडलं, एक ट्रंक आणि लष्करी पहार एवढं घेऊन आला, आणि वस्तीच्या मागच्या उतारावर, जिथं बकरीसुद्धा घसरायची, तिथं दगड रचायला बसला. जंगल खात्याची जमीन होती. त्यापायी त्यानं दंड भरले, शिव्या खाल्ल्या, पण दगड रचायचं थांबवलं नाही. नवा कायदा आला तेव्हा वस्तीत सगळ्यात आधी त्यानंच अर्ज भरला. कसणाऱ्या आदिवासीला जमीन मिळणार, पण आधीपासून कसत होतो याचा पुरावा पाहिजे. मोजणीची वाट बघता बघताच तो गेला.

"पुरावा काय दाखवायचा?" शांतवननं घरी आल्या आल्या आईला विचारलं.

पुतळाबाई चुलीपुढं बसली होती. ती उठली, कोपऱ्यातली पहार उचलून तिनं पोराच्या हातात दिली. "बांध दाखवायचे. आन् काय? सात बांध हायेत. त्येंनी सात घातलेत."

पण बांध दिसत कुठं होते? शेवटची दोन वर्षं म्हातारा अंथरुणाला खिळला होता आणि घाणेरीच्या झुडपांनी सगळा उतार गिळला होता.

शनिवारी उजाडायच्या आत तिघं कामाला लागले. घाणेरी म्हणजे काट्यांची गुंतवळच. विळ्यानं तोडावी तर अंगावर येते, ओढावी तर हात फाडते. सुवार्तानं हाताला जुन्या साडीच्या चिंध्या गुंडाळल्या. दहा वाजेपर्यंत त्या चिंध्या रक्तानं आणि चिकानं काळ्या पडल्या. पण पहिल्या बांधाचा दगड उघडा पडला तेव्हा ती हसली. कमरेइतकी उंच रचाई, चुना नाही, माती नाही, नुसता दगडावर दगड, आणि फटीफटीत बारीक कपच्या ठोकून बसवलेल्या. सुवार्तानं जोर लावून एक दगड हलवून बघितला. हलला नाही.

"हा लेह," पुतळाबाई खालून म्हणाली.

म्हाताऱ्यानं बांधांना नोकरीच्या गावांची नावं दिली होती. लेह, कारगिल, पठाणकोट, तेजपूर, बोमडिला, तवांग. घरात कुणी म्हणायचंच नाही की तिसऱ्या बांधापाशी जा. पठाणकोटला भाकरी घेऊन जा, असंच म्हणायचे. सुवार्ता नवी नवरी होऊन आली तेव्हा सासऱ्यानं तिला सांगितलं, "पोरी, तवांगवर मूग लावून ये." ती घाबरून नवऱ्याकडं बघत राहिली होती. तवांग म्हणजे दोनशे पावलांवरचं वावर, हे तिला संध्याकाळी कळलं.

सासऱ्याला ती मामा म्हणायची. त्याच्या हाताखाली तिनं बारा वर्षं दगड वाहिले. शांतवन आठवडाभर वाळूजला, त्यामुळं दगडाची भाषा सुनेलाच शिकावी लागली. तो काम करताना फार बोलत नसे, पण एकदा त्यानं सांगितलं होतं. रानात काम करताना गार्डानं त्याची पहार जप्त करून नेली होती. म्हातारा चौदा किलोमीटर चालत ऑफिसात गेला. तिथं त्याला चपलांशेजारी जमिनीवर बसवून ठेवलं, दुपारपर्यंत. खिशात तिन्ही मेडलं होती. त्यानं काढली नाहीत. 

"का नाय काढली, मामा?" सुवार्तानं विचारलं होतं.

"मेडल दाखवून पहार मागायची? पहार माझीच हुती."

संध्याकाळपर्यंत तीन बांध मोकळे झाले. सुवार्ताला भाकरी मोडवत नव्हती इतकी बोटं सुजली होती. शांतवन उकिडवाच बसून झोपला. पुतळाबाई मात्र पुन्हा पुन्हा दारात जाऊन डोंगराकडं बघत होती आणि पोरीसारखी म्हणत होती, "दिसायलेत गं. इथून बी दिसायलेत!"

रविवारी उपासना होती. वस्तीचं चर्च म्हणजे पत्र्याची खोली, शेणानं सारवलेली. पाळकसाहेब औरंगाबादेहून महिन्यातून एकदा यायचे. बाकीचे तीन रविवार डीकनबाबाच सांभाळायचा. त्याची प्रार्थना परेडसारखी असे, छोटी आणि खणखणीत. उपासनेच्या आधी तो दारात उभा राहून पोरांची नखं तपासायचा. कुणी दारू पिऊन आला तर आत सोडायचा नाही, पण उपासना झाल्यावर त्याच्याशेजारी बाहेर मातीत बसायचा, त्याची उतरेपर्यंत. तो गेल्यापासून शास्त्र वाचायचं काम सुवार्ताकडं आलं होतं.

त्या दिवशी तिला धड वाचता येईना. सुजलेल्या बोटांनी पान उलटत नव्हतं. वाचून झालं आणि तिनं पुस्तक मिटलं. आता गीत म्हणायचं होतं, पण तिच्या तोंडून भलतंच निघालं.

"मंडळींनो, तीन बांध राहिलेत. आन् सातवा सापडत नाय. मंगळवारी साहेब यायलेत."

मग मागून म्हातारी भागूबाई उठली, जिला उठायला दोन माणसं लागायची. "मग गीत तिथंच म्हणू की," ती म्हणाली.

अख्खी मंडळी रविवारच्या कपड्यांत उतारावर गेली. बायांनी पदर खोचले, गड्यांनी पांढरे सदरे काढून पळसावर टांगले. गीताच्या तालावर विळे चालले. घाणेरीचे ढीगच्या ढीग खाली घरंगळू लागले. तेजपूर उघडा झाला. बोमडिला उघडा झाला. दर वेळी दगड दिसला की आरोळी उठायची. तवांगचा शेवटचा टोकाचा दगड मोकळा झाला तेव्हा भागूबाईनं टाळी वाजवली आणि तोल जाऊन पडली, आणि पडल्या पडल्या हसत राहिली.

सातवा मात्र नव्हता.

सातवा म्हणजे बेंगलोर. भरती झाल्यावर म्हाताऱ्याला पहिल्यांदा बूट मिळाले ते तिथं. सगळ्यात खालचा, सगळ्यात लांब बांध. त्याच्या वरच्या अंगाला गाळ साठून दीड एकराचं सपाट वावर झालं होतं, रानातलं सगळ्यात चांगलं. तीस वर्षांपूर्वी, शांतवन पाळण्यात असताना, ढगफुटीत वरची दरड त्यावर आली आणि बांध गाडला गेला. एवढी माती एकट्यानं पुन्हा उकरणं म्हाताऱ्याला जमलं नाही. आता तिथं गवत होतं आणि तात्यांची जनावरं.

सोमवारी सकाळी कारभारी धनगर मेंढरं घेऊन उतरला. पंचाहत्तरीचा माणूस, पागोटं, हातात काठी. डीकनबाबाचा जुना सोबती. दर साली खतासाठी रानात मेंढरं बसवायला इथंच यायचा.

"बांध हाय," तो म्हणाला. "म्या पाहिलाय. माझ्या मेंढरांनी त्याच्या सावलीत रवंथ केलाय. त्या काळ्या खडकापासून निघायचा. खडकाला डीकननं पहारीनं खाच पाडली व्हती, दगड बसवायला."

खडक सापडला, खाचही सापडली. सगळ्यांना एकदम चेव आला. खडकापासून समोरच्या पळसापर्यंत सरळ दोरी लावून शांतवननं आणि दोघा-तिघांनी चर खणायला घेतला. दुपार टळली. टिकावाखाली मुरूम निघाला, मुळं निघाली, हाडं निघाली. दगडाची रांग निघाली नाही. चर छातीइतका खोल गेला. शांतवनच्या तळहातांची साल निघाली. 

"आईला इसार पडला असंल," तो शेवटी चिडून म्हणाला. "सहाच असतील."

पुतळाबाईनं पाठ फिरवली. सुवार्तानं बघितलं, म्हातारीचे खांदे हलत होते. दिवस मावळला तशी माणसं टिकाव खांद्यावर टाकून गुपचूप घरी गेली.

मंगळवारी नऊ वाजता जीप आली. वनपाल, तलाठी, ग्रामसेवक, आणि गळ्यात मोजणीचं यंत्र अडकवलेला एक किडकिडीत कारकून. मागून आपल्या गाडीवर तात्यासाहेब. वस्ती सगळी उतारावर जमली होती. पोरं झाडांवर चढली होती.

सहा बांध बघता बघता वनपाल हरखला. रचाईवरून हात फिरवत म्हणाला, "हे काम खात्याचं नाही. असं काम आमच्याकडं कुणाला येत नाही." शांतवननं बायकोकडं बघितलं. पण तवांग ओलांडून सगळे खाली आले आणि तात्या पुढं झाले.

"इथपर्यंत बरोबर हाय, साहेब. याच्या खाली नाय. हे गायरान. इथं बांधबिंध काही नाय. काल ह्येंनी दिवसभर खणलं, विचारा काय निघालं ते."

वनपालानं चर बघितला. मान हलवली. "कागदावर सात लिहिलेत तुम्ही. दिसतात सहा. मला जे दिसतं तेच लिहिता येतं."

कारभारी पुढं आला. "साहेब, निजामावरच्या पोलीस अ‍ॅक्शनच्या साली मी मेंढरामागं पळत व्हतो. हे डोंगर मला पाठ हायेत. बांध हाय."

"बाबा, तुमचा जबाब लिहून घेतो. पण जबाबासोबत बांध दिसला पाहिजे."

कारकुनानं पाण्याची बाटली तोंडाला लावली, दोन घोट पिऊन झाकण लावून खडकावर आडवी ठेवली. सुवार्ताचे डोळे त्या बाटलीवर खिळले. आतलं पाणी हललं, स्थिर झालं. वरची हवेची पट्टी एका बाजूला सरकली.

"बाटली द्या," ती म्हणाली.

"घ्या की. प्या."

"प्यायची नाय." तिनं झडप घातल्यासारखी बाटली उचलली. "अहो, आपण सरळ खणलं! मामा कधी सरळ बांध घालायचे का? पाणी सरळ जातं का? ते लेव्हलनं जायचे. डोंगराच्या पोटासंगट वळायचे. एक बांबू आणा, सरळ बघून!"

चार माणसं पळाली. बांबू आला. तिनं बाटली त्याच्या मधोमध चिंधीनं बांधली. एक टोक खडकाच्या खाचेत टेकवून शांतवनला धरायला लावलं, दुसरं टोक स्वतः धरून ती वर-खाली सरकत राहिली. हवेची पट्टी बाटलीच्या मधोमध आली तिथं टाचेनं खूण केली. "आता इथून पुढं!" पुन्हा बांबू, पुन्हा खूण. अशा खुणा पळसाकडं गेल्याच नाहीत. त्या डावीकडं वळल्या, उताराच्या फुगवट्याला धरून, कालच्या चरापासून लांब, तात्यांची जनावरं बसायची त्या गोठणीच्या दिशेनं. सुवार्ता धावत होती. पदर कुठं, केस कुठं, तिला भान नव्हतं. आठव्या खुणेपाशी ती थांबली आणि तिनं सासऱ्याची पहार दोन्ही हातांनी वर उचलली.

पहिला घाव, माती. दुसरा घाव, माती. तिसऱ्या घावाला पहार खणकन् वाजून तिच्या हातांना झिणझिण्या आल्या.

"दगड!"

"एखादा असंल," तात्या म्हणाले.

पण तोवर शांतवन वाकला होता, कारभारीनं काठी टाकून हातानं माती ओढायला घेतली होती. वस्तीची सगळी माणसं तुटून पडली. घमेली, टिकाव, थाळ्या, नुसते पंजे. तलाठीसुद्धा पँट वर करून उतरला. वीतभर, हातभर, दोन हात. एका दगडाला लागून दुसरा, त्याला लागून तिसरा. फटीत कपच्या. खालपर्यंत. पोरं झाडावरून ओरडत होती, "बेंगलोर! बेंगलोर!"

वनपाल तात्यांकडं वळला. "तुम्ही शेतकरी आहात, तात्यासाहेब. हा दगड दरडीतून आलेला आहे की घातलेला? तुम्हीच सांगा. तुमचं म्हणणं मी लिहितो."

तात्या चराच्या कडेला आले. खाली बसले. त्यांनी बोटानं एका कपचीभोवतीची माती काढली आणि ती उपटून बघितली. निघाली नाही. त्यांच्या स्वतःच्या रानात तीन बांध होते, बापानं घातलेले, आणि दर पावसाळ्यात ते कुठंतरी ढासळायचे. मग हात झटकत उठले.

"घातलेला हाय," ते म्हणाले. "लई बैजवार घातलाय." सुवार्ताकडं बघून त्यांनी नजर वळवली. "जनावरं मी उद्यापासून दुसरीकडं नेतो."

आरडाओरडा असा उठला की मेंढरं बुजून पळाली आणि कारभारी शिव्या देत, हसत त्यांच्यामागं धावला.

मग मोजणी. यंत्र घेऊन अर्जदारानं हद्दीवरून चालायचं होतं. शांतवननं हात पुढं केला, पण पुतळाबाईनं कारकुनाच्या गळ्यातली दोरीच धरली. "माझ्या गळ्यात घाल. म्या चालते." अनवाणी, वाकलेल्या कमरेनं म्हातारी निघाली. खालून वर, बेंगलोरपासून लेहपर्यंत, आणि दुसऱ्या अंगानं खाली. घाणेरीचे खुंट पायात रुतत होते. मधे एकदाही बसली नाही. पोरं तिच्यामागं रांग करून चालली होती. कारकून शेजारी पळत पळत सांगत होता, "आजी, हळू! यंत्राला वेळ लागतो!"

खाली आल्यावर त्यानं आकडा वाचला. चार एकर सहा गुंठे. शांतवन खाली बसला आणि त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

कारकुनानं जीपच्या टपावर कागद पसरला. "आता सांगा आजी. ही जमीन पहिल्यांदा कुणी कसली? नाव सांगा."

पुतळाबाईनं पदर तोंडाला लावला.

सगळ्यांना कारण ठाऊक होतं. पन्नास वर्षांच्या संसारात तिनं नवऱ्याचं नाव एकदाही तोंडातून काढलं नव्हतं. ते, शांतवनचे बाबा, डीकन, असंच. माती देताना सुद्धा नाही.

"मी सांगतो," शांतवन पुढं आला.

"तू गप." म्हातारीनं ओठांवरून जीभ फिरवली. धुळीनं भरलेला चेहरा वर केला. "मुंजाबा," ती पुटपुटली.

"काय? ऐकू नाही आलं."

"मुंजाबा!" आता ती ओरडलीच. "मुंजाबा! मुंजाबा बर्डे! लिही. नीट लिही!"

कुणीतरी हसलं, कुणीतरी हुंदका दिला. भागूबाईनं दोन्ही हात वर केले. कारकुनानं लिहिलं. म्हातारी त्याच्या कोपराखालून कागदावर वाकली.

"कुठं हाय? बोट ठेव."

त्यानं पेनाचं टोक ठेवलं. तिनं मातीनं माखलेलं आपलं बोट त्या अक्षरांवर टेकवलं आणि हळूहळू, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवलं.

"आजी, शाई ओली आहे," कारकून घाईनं म्हणाला. "पुसलं जाईल."

"मग परत लिही," पुतळाबाई म्हणाली. "म्या परत सांगते."